गुर्रर्र म्हणजे काय रे भाऊ?

एक खोली. खोलीत एक मोठ्ठं हाडूक. हाडकाच्या मागे एक पिंजरा, त्यावर कापड टाकलेलं, म्हणजे आत काय आहे ते दिसू नये. दार उघडतं आणि एक कुत्रा आत येतो. नाक वर, कान ताठ. हाडूक दिसल्यावर तो काय करणार हे सांगायला काही शास्त्रज्ञ लागत नाही. तो थेट हाडकाकडे जातो, तोंड पुढे करतो, आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज येतो: गुर्रर्रर्र!

पिंजऱ्यात कुत्रा नव्हताच! तिथं होता लाऊडस्पीकर. हा सगळा डाव रचला होता हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातले शास्त्रज्ञ तामाश फारागो, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी. २०१० मध्ये त्यांनी तो जगाला सांगितला.

या मंडळींनी आधी काय केलं, तर बऱ्याच कुत्र्यांच्या गुरगुरण्याचे आवाज टेप करून ठेवले. काही आवाज कुत्रा मालकाशी रस्सीखेच खेळत असतानाचे. काही आवाज तो हाडूक चघळत असताना दुसरा कुत्रा जवळ आला तेव्हाचे. आणि काही आवाज एखादा अनोळखी माणूस डोळे रोखून त्याच्याकडे चालत आला तेव्हाचे. तुम्ही-आम्ही ऐकले तर म्हणू, तिन्ही वेळा गुर्रर्रच की! पण खोलीतल्या कुत्र्यांना ते तसं वाटलं नाही. हाडकावरची गुरगुर ऐकली की बहुतेक कुत्रे हाडूक सोडून मागे सरकले. खेळातली गुरगुर ऐकून मात्र त्यांनी फारशी पर्वा केली नाही. आणि गंमत पुढेच आहे. अनोळखी माणसावर केलेली गुरगुर ऐकायला चांगली जाडीभरडी आणि रागीट होती, पण तिलाही हाडूक सोडण्याइतकी किंमत त्यांनी दिली नाही. म्हणजे ‘हे हाडूक माझं आहे, लांब राहा’ ही एक गुरगुर, आणि ‘ए, कोण रे तू?’ ही दुसरी. दुसरी ऐकून कुत्र्यानं म्हटलं असेल, असेल कुणाशी तरी भांडण, आपल्याला काय त्याचं, आपण हाडूक खाऊ!

मग याच मंडळींनी माणसांनाही असे आवाज ऐकवून ओळखायला लावले. खेळातली गुरगुर आपल्याला बऱ्यापैकी ओळखू येते, दहापैकी आठ वेळा. पण हाडकाची गुरगुर कुठली आणि अनोळखी माणसावरची कुठली, यात आपली गल्लत होते. या परीक्षेत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त गुण मिळाले. (हे वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही.)

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण कुत्रा गुरगुरला की आपण लगेच म्हणतो, ‘बघा, चिडला! चावका आहे!’ पण जरा विचार करा. जो कुत्रा गुरगुरतोय, तो अजून चावलेला नाही. त्याला चावायचंच असतं तर गुरगुरण्यात वेळ कशाला घालवला असता? तो तुम्हाला लांब जायला वेळ देतोय. गुरगुर म्हणजे कुत्र्यानं केलेली बऱ्यापैकी सभ्य सूचना आहे. आणि त्याआधी त्यानं आणखी सभ्य अशा पाच-सात सूचना दिलेल्या असतात. त्या आपल्याला दिसलेल्या नसतात, एवढंच.

केंडल शेफर्ड नावाच्या इंग्लंडमधल्या पशुवैद्य बाईंनी या सूचनांची एक शिडीच काढून दाखवली आहे. आपण ती शिडी एका वाढदिवसाला नेऊ.

समजा, तुमच्या मित्राकडे ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर आहे. पंधरा मुलं जमली आहेत, फुगे फुटताहेत, गाणी लागली आहेत. एक छोटी मुलगी धावत येते आणि ब्रूनोच्या गळ्यात पडते. ब्रूनो जांभई देतो. सगळे म्हणतात, ‘अय्या, झोप आली त्याला!’ झोपबिप काही नाही. ही शिडीची पहिली पायरी. मग तो जिभेनं स्वतःचं नाक चाटतो. ‘केक हवाय वाटतं!’ केकही नकोय त्याला. तो तोंड फिरवतो, मुलीकडे बघत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो. एक पंजा वर उचलतो. उठून सोफ्यामागे जातो. मुलगी त्याच्या मागोमाग सोफ्यामागे. आता तो कान मागे टाकतो, अंग चोरतो, शेपूट पायात घालतो. मुलगी त्याला पुन्हा मिठी मारते. ब्रूनो एकदम ताठ होतो, हलायचाच थांबतो. ही पायरी लक्षात ठेवा हं, कारण इथं फार थोडा वेळ उरलेला असतो. मग गुर्रर्र. मग हवेतच खट्‌कन दात आपटणं. आणि शेवटची पायरी तुम्हाला माहीत आहे.

नंतर मोठी माणसं काय म्हणतात? ‘काहीही केलं नव्हतं हो, अचानक चावला!’

अचानक? बिचाऱ्यानं दहा वेळा सांगितलं होतं.

प्रत्येक कुत्रा प्रत्येक पायरी चढतोच असं नाही. कुठं दुखत असेल, गाढ झोपेतून कुणी दचकवून उठवलं असेल, कुत्रीजवळ तिची पिल्लं असतील, तर खालच्या पायऱ्या गाळून एकदम वरच्या गाठल्या जातात. म्हणून झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पिल्लंवाल्या कुत्र्यांच्या वाटेला जायचंच नाही. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ असं आजोबा सांगत असतील तर त्यांच्या पाया पडा, पण त्या म्हणीवर विसंबू नका.

लहान मुलांची तर आणखी एक पंचाईत आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांनी छोट्या मुलांना कुत्र्यांच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. दात विचकून बघणारा कुत्रा दिसला की त्यातली बरीच मुलं म्हणायची, ‘हा हसतोय!’ त्यांना दात दिसतात आणि त्यांच्या मते दात दिसले म्हणजे हसू. तुमचं धाकटं भावंड तीन-चार वर्षांचं असेल तर त्याला ही गोष्ट आजच समजावून सांगा. आणि त्याला कुत्र्याजवळ एकटं सोडू नका, कुत्रा घरचा असला तरी. छोट्या मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचाच असतो.

‘पण शेपूट हलवत होता की!’ हेही नेहमी ऐकू येतं. शेपटीचं प्रकरण तर भारीच आहे. इटलीतल्या बारी शहरात संशोधकांनी तीस कुत्र्यांना एकेक करून मोठ्या खोक्यात ठेवलं आणि समोरच्या फटीतून त्यांना कधी मालक दाखवला, कधी अनोळखी माणूस, कधी मांजर, कधी एक दांडगा अनोळखी कुत्रा. वर कॅमेरा लावलेला. २००७ मध्ये त्याचा निकाल आला. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकत होतं. दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे! मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूला हलवतो आणि उजवा भाग डाव्या बाजूला, म्हणून असं होत असावं. पुढे २०१३ मध्ये त्यातल्याच काही संशोधकांनी कुत्र्यांना शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याची चित्रफीत दाखवली, तर शेपूट डावीकडे झुकलेलं बघून त्यांच्या छातीचे ठोके वाढले. म्हणजे त्यांना ते कळतं. आपल्याला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

आता एक वाईट सवय. कुत्रा गुरगुरला की बरीच माणसं त्याला फटका मारतात. ‘माझ्यावर गुरगुरतोस?’ फटका बसला की पुढच्या वेळी कुत्रा गुरगुरत नाही. मालक खूश! पण झालं काय? भीती तशीच राहिली, राग तसाच राहिला, फक्त शिडीची एक पायरी मालकानं स्वतःच्या हातानं काढून टाकली. आता कुत्रा ताठ होण्यावरून थेट दातांवर येईल.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात, कुत्रा नीट वागत नाही म्हणून त्याला घेऊन येणाऱ्या मालकांना विचारलं होतं, बाबांनो, तुम्ही घरी काय काय उपाय केलेत आणि त्यावर कुत्र्यानं काय केलं? मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय ज्यांनी केला, त्यांच्यातल्या ४३ टक्के मालकांनी सांगितलं, कुत्रा उलट अंगावर आला. काही मालकांनी तर कुत्र्यावर स्वतःच गुरगुरून पाहिलं होतं. (डोळ्यांसमोर आणा!) त्यांच्यातल्याही ४१ टक्के मालकांवर कुत्रा चिडला. म्हणजे त्याच्या भाषेत बोलायला गेले खरे, पण शिवीच देऊन बसले.

आणि साखळी? दिवसरात्र साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं काय होतं ते शिडीवरच बघा. ब्रूनो निदान उठून सोफ्यामागे गेला होता. बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नाही. नको असलेलं काहीही समोर आलं तरी त्याला जाताच येत नाही. मग उरतं काय? भुंकणं, गुरगुरणं आणि चावणं. लोक म्हणतात, तो डेंजर आहे म्हणून बांधलाय. कितीतरी वेळा हे बरोब्बर उलटं असतं.

आपल्या देशात कुत्र्याला असं कायम बांधून ठेवणं कायद्याविरुद्ध आहे, माहीत आहे? रुक्मिणीदेवी अरुंडेल या भरतनाट्यमच्या थोर नर्तकी राज्यसभेत होत्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून त्यांनी तिथं विधेयक मांडलं, आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हासुद्धा त्या कायद्यानं गुन्हा आहे. प्राण्यांची झुंज लावणंही गुन्हाच. दंड किती, ते विचारू नका. बरं, विचाराच. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! तेव्हा पन्नास रुपयांना मोल होतं. आज तेवढ्यात धड तीन-चार वडापावसुद्धा येत नाहीत. कायदा करणाऱ्या मोठ्यांनी हा आकडा एवढी वर्षं तसाच का ठेवला, हा प्रश्न तुम्ही त्यांना जरूर विचारा.

कुत्रा भित्रा किंवा तिरसट का होतो, याचं आणखी एक कारण अगदी त्याच्या लहानपणात सापडतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांचा एक प्रयोग झाला, तो १९६१ मध्ये छापून आला. उंच कुंपणाच्या मैदानात कुत्रीची पिल्लं आईसोबत वाढली. माणूस आत जायचा नाही, खाणंही बाहेरूनच आत सारायचं. मग काही पिल्लांना दोन आठवड्यांची असताना, काहींना तीन, काहींना पाच, सात, नऊ आठवड्यांची असताना फक्त एका आठवड्यासाठी बाहेर आणलं, माणसांशी खेळू दिलं. फक्त एक आठवडा! पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमाराला ज्यांना माणूस भेटला, त्यांचं माणसांशी छान जमलं. पण ज्या पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरं असावीत तशी वागली, नंतर कितीही लाड केले तरी. सव्वातीन महिन्यांचं पिल्लू आपल्याला इवलंसं वाटतं. त्याच्या मनाचं एक दार मात्र तोवर जवळजवळ बंद झालेलं असतं.

म्हणून गोदामाच्या राखणीसाठी पिल्लू आणून त्याला दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात बांधून टाकणारे लोक दिसले की मला त्या पिल्लापेक्षा त्या लोकांची अक्कल बघून जास्त वाईट वाटतं. चावका कुत्रा ते स्वतःच तयार करताहेत.

मग असा एकदा बिघडवलेला कुत्रा सुधारतो का? ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच’, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतही लोकांना तसंच वाटायचं. तिथं मायकल व्हिक नावाचा अमेरिकन फुटबॉलचा प्रसिद्ध खेळाडू होता. २००७ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी व्हर्जिनिया राज्यातल्या त्याच्या मालकीच्या जागेवर छापा घातला, तर तिथं पन्नासेक पिटबुल कुत्रे सापडले. पैजा लावून त्यांच्या झुंजी चालायच्या. न लढणाऱ्या कुत्र्यांना मारून टाकायचे, तेही फार क्रूरपणे. व्हिकनं गुन्हा कबूल केला. त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली आणि कुत्र्यांच्या सांभाळासाठी नऊ लाख डॉलरहून जास्त पैसे भरावे लागले.

आता कुत्र्यांचं काय करायचं? तोपर्यंतचा रिवाज असा, की झुंजीतले कुत्रे म्हणजे धोका, सगळ्यांना इंजेक्शन देऊन संपवायचं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही मोठ्या संस्थांनीही हेच सुचवलं होतं! पण या वेळी ठरलं, एकेका कुत्र्याची वेगळी परीक्षा घेऊ. हात लावला तर काय करतो? खाताना मध्ये कुणी आलं तर? दुसरा कुत्रा दिसला तर? लहान मुलाएवढी बाहुली समोर धरली तर? परीक्षा घेणारे चकित झाले. बरेच कुत्रे अंगावर येण्याऐवजी भीतीनं जमिनीला पोट चिकटवून पडून राहायचे, उठायचेच नाहीत. फार आक्रमक म्हणून मारावा लागला, असा कुत्रा निघाला फक्त एक.

बावीस कुत्रे युटा राज्यातल्या एका मोठ्या प्राणी-आश्रमात गेले, बाकीचे वेगवेगळ्या संस्थांकडे आणि घरांत. सगळंच गोड झालं असं नाही. लुकास नावाचा कुत्रा झुंजींतला नावाजलेला गडी होता. माणसांशी तो लाघवी होता, तरी कोर्टानं त्याला कुणाच्या घरी जाऊ दिलं नाही, जन्मभर आश्रमातच राहावं लागलं. काही कुत्रे अनोळखी माणसाला कायम घाबरत राहिले. आणि जॉनी जस्टिस? काळा-पांढरा जॉनी कॅलिफोर्नियात एका घरी गेला, शिकला, आणि पुढे त्याला ग्रंथालयात नोकरी लागली म्हणा ना! वाचताना अडखळणारी मुलं त्याच्याशेजारी बसून मोठ्यानं गोष्टी वाचायची आणि तो ऐकायचा. चुकलं तरी जॉनी हसत नाही, घाई करत नाही. असा श्रोता कुणाला नको?

यावर कुणी म्हणेल, पिटबुल म्हटलं की चावणारच, जातच तशी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जे फरक दिसतात, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यांना आढळलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा मोठी होते, हे अर्थात खरं. म्हणून असा कुत्रा पाळणाऱ्यानं दुप्पट काळजी घ्यायची. बाहेर नेताना पट्टा, दरवर्षी रेबीजची लस, रोजचं फिरणं, महापालिकेचा परवाना, ही कंटाळवाणी वाटणारी कामं जमणार नसतील तर कुत्रा आणूच नये. मत्स्यालयसुद्धा आणू नये खरं तर.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय? एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. बुटाची नाडी बांधायला नुसतं खाली वाकलात तरी गल्लीतला कुत्रा पळतो. त्याला वाटतं, तुम्ही दगड उचलताय. ‘हाड’ म्हणून भिरकावलेल्या प्रत्येक दगडातून तो काहीतरी शिकलाय. पण तो चांगलंही शिकतो. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशाच मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतात. अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा खाऊ दिला, की पुन्हा पुन्हा डोक्यावरून हात फिरवला, यातल्या कशानं कुत्र्याचा विश्वास जास्त बसतो, हे त्यांनी २०१७ मध्ये तपासलं. उत्तर निघालं: हात फिरवल्यानं! (तुम्ही मात्र हा प्रयोग गल्लीत करायचा नाही. ते शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांनी लशी घेतलेल्या असतात.)

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. हात अंगाशी, नजर जमिनीकडे, उभं राहायचं. त्याचा वास घेऊन झाला की बहुतेक वेळा तो निघून जातो. आणि चावलाच, किंवा नुसतं ओरखडलं, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली ती जागा पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. लगेच घरी सांगायचं आणि दवाखाना गाठायचा. ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही, कारण रेबीज एकदा झाला की जवळपास कुणीच वाचत नाही, आणि जगात रेबीजनं दगावणाऱ्या दर दहा जणांत चार जण पंधरा वर्षांखालची मुलं असतात. वेळेवर लस घेतली तर मात्र तो जवळपास होतच नाही. पोटात चौदा इंजेक्शनं देतात ही जुनी गोष्ट झाली, आता मोजकीच आणि तीही दंडात देतात. शेजारच्या गोव्यात तर पथकं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, वर्षाला पंचाण्णव हजार कुत्र्यांना लस टोचली, अंगावर रंगाची खूण करून सोडून दिलं, आणि तिथली रेबीजची साथ झपाट्यानं खाली आली. एकाही कुत्र्याला दगड न मारता!

आता तुमच्यासाठी काम. गॅलरीतून किंवा खिडकीतून, लांबूनच, गल्लीतले दोन कुत्रे एकमेकांना भेटताना बघा. आधी तोंड कोण फिरवतं? जांभई कोण देतं? जमिनीचा वास घेतल्याचं सोंग कोण करतं? आणि शेपूट कुठल्या बाजूला झुकतं तेही टिपा. फक्त बाजू लिहिताना गडबड करू नका: उजवी म्हणजे कुत्र्याची उजवी. तो पाठमोरा असेल तर तुमची आणि त्याची उजवी एकच, पण तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर तुमच्या डावीकडे झुकलेलं शेपूट ‘उजवीकडे’ असं लिहायचं. चार ओळींची का होईना, तारीख-वेळ घालून नोंद करा आणि आम्हाला पाठवा.